केसालाही धक्का

डोक्याच्या मागे, उंचवट्याच्या जरा खाली,
पेन्सिलीच्या जाडीची एक बट.
दोऱ्याने बांधायची, मुळाशी कापायची,
मुळाकडचं टोक कुठलं, ते चिठ्ठीवर खुणेने दाखवायचं.
मोन्तेविदेओहून आलेल्या सूचनांत एवढंच आहे.
एक सेंटिमीटर म्हणजे एक महिना.
केस बोलत नाही. साठवतो.

आदेमार खुर्चीत बसला
तेव्हा त्याच्या कॉलरीत भाताचा कोंडा होता.
लास्कानोत हंगामात सगळ्यांच्याच असतो,
आमच्या उशांवरसुद्धा.
गिरणीत वाळवणीच्या भट्टीवर रात्रपाळी करतो,
बावीस वर्षं.

आधी रक्त, तीन नळ्या. मग प्रश्न, दहा.
वयाच्या अठराव्या वर्षाआधी
घरात कुणी. कधी. किती वेळा.
नाही, तो म्हणाला. नाही. नाही.
बापाने माझ्या केसालाही धक्का लावला नाही, नीबिया.
सातव्यावर मी खूण करत होते,
तेव्हा त्याने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली
आणि विचारलं,
झोपलेल्या पोराला उठवून अंगणात उभं करणं
हे मारण्यात धरतात का?
जुलैत. गवतावर दहिवर गोठलेलं.
कोंबडा आरवेपर्यंत.
हात नाही हं लावला त्याने,
दारात बसून येर्बाचा कडू चहा पीत राहायचा नुसता.

कागदावर त्याला चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं.
समासात लिहू नये, असा नियम आहे.

हे सगळं कशासाठी, तेही सांगावं लागतं.
मी काही शास्त्रज्ञ नाही, म्हणून भट्टीवरून सांगितलं:
पारा चढला की भोंगा वाजतो ना तुमच्याकडे?
कुणीतरी जाऊन बटण दाबतं.
काहींच्या घरात तो लहानपणीच इतका वाजतो
की बटण बसून जातं.
जनुक तेच राहतं, म्हणतात,
त्यावर फक्त बारीकसा गोंद धरतो, आणि हाक पोचत नाही.
मग चाळिशीत साधं दार आपटलं
तरी रक्तात रात्रभर भोंगा.
तो म्हणाला, अंगवळणी पडतं गं.
हो, म्हटलं. तोच शब्द.

शेवटचा प्रश्न या महिन्याचा होता.
जगू नये असं वाटलं का.
छापलाय तसाच वाचला मी, मऊ न करता.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
निलगिरीची रांग, त्याची मोटरसायकल,
हँडलला पावाची पिशवी.
पाव घेतलेला माणूस घरी जायचं ठरवून निघतो,
असं मी मनात म्हणते आहे
तोवर तो हो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं.
त्याच्या देखत त्याच्या बहिणीला फोन लावला.
ती येईपर्यंत आम्ही पाव खाल्ला, कोरडाच.
बुधवारी येणाऱ्या डॉक्टरणीच्या वहीत
त्याचं नाव सगळ्यांत वर घातलं,
ओळीवर, समासात नव्हे.

डबा सोमवारच्या बसने गेला.
उत्तर यायला दोन वर्षं, आणि येईल तेही गर्दीचं:
चारशे माणसं, एक वर चढत जाणारी रेघ.
तिच्यात आदेमार कुठे, ते तिलाही कळायचं नाही.
कुणा एकाचं उद्या तिला सांगता येत नाही.
हे आम्हाला शिकवताना
मास्तर जरा ओशाळून बोलले होते.
मला मात्र ते फार बरं वाटलं होतं.

तो येतो. एकदा आला नाही.
मी गिरणीपर्यंत सायकल हाणली, तर भट्टी बिघडली होती, एवढंच.
मग आला.
आतल्या खोलीत काय बोलतो, ठाऊक नाही.
बाहेर पडताना, टोपी चढवायच्या आत,
मी त्याला पाठमोरा बघून घेते.
मी कापली त्या जागी एक खाच,
खाचेत नवे खुंट.
आज असतील
सेंटिमीटरहून थोडे जास्तच.